टळणी

खारतळीच्या मच्छिमार सोसायटीच्या भिंतीवर सोमवारी सकाळी न घडलेल्या गुन्ह्यांची यादी लागली. तिच्यात सेहेचाळीस नावं होती आणि पहिलं नाव वैजयंता कोयंडेचं होतं.

वैजयंता तेव्हा धक्क्यावर बसून जाळ्यातले बांगडे सोडवत होती. छपन्न वर्षांची बाई. नवरा गेला तेव्हा होडी विकायचा सल्ला घेऊन आलेल्या दिरांना तिनं उंबऱ्यावरूनच परत लावलं होतं आणि सुकाणू स्वतःच्या हातात घेतलं होतं. त्याला अठरा वर्षं झाली. होडीवरचे पाच खलाशी तिला तांडेल म्हणत. तोंडावर म्हणत आणि पाठीमागंही म्हणत, आणि दर्यावर पाठीमागचं म्हणणंच खरं मानायचं असतं.

"वैजू! वैजू गो!" सोसायटीचा म्हातारा चेअरमन आणि स्वतःही एका होडीचा तांडेल, बाबलतात्या खवणेकर, लुंगी सावरत धावत आला. "तुझा नाव पयला लागला. सगळ्यांच्या वर!"

"कसल्यात?"

"ता काय मी नीट वाचूक नाय. पण शिक्को आसा, सरकारी कागद आसा. बक्षीसच असतला. मी म्हटलंय नव्हतंय, देवळातली वही दिली तर गावाचा नाव होतला म्हणान?"

वैजयंता हात पुसत गेली. भिंतीपुढं माणसं जमली होती. बक्षीस नव्हतं ते. तिच्या नावापुढं लिहिलं होतं: 'पहारारेषा ओलांडण्याची शक्यता हजारांत नऊशे एक्केचाळीस. घटना टळली. टळण्याचे कारण: सागरसीमा दलाचा पहारा.' आणि खाली, बारीक अक्षरांत: 'राष्ट्रसुरक्षा व सीमादल निधी विधेयक मंजूर होताच यादीतील व्यक्तींचे सागरी परवाने पाच वर्षांसाठी स्थगित होतील. हरकत मतदानापूर्वी नोंदवावी. मतदान गुरुवारी.'

गावात होड्या सेहेचाळीसच होत्या. यादीतलं प्रत्येक नाव एकेका होडीच्या तांडेलाचं होतं. म्हणजे गुरुवारपासून पाच वर्षं खारतळीचा दर्या बंद.

ही यादी कुठून आली हे समजायचं तर जरा मागं जावं लागतं. दर्या चढला, तेव्हा दक्षिणेकडची कितीतरी बेटं त्याच्या पोटात गेली. तिथली माणसं पिंपं, तराफे, मोडक्या बार्जा एकमेकांना बांधून पाण्यावरच राहू लागली. कोकणातले लोक त्या वस्त्यांना तरंगवाड्या म्हणत. वाऱ्यावर सरकत त्या किनाऱ्याला लागू नयेत म्हणून बारा सागरी मैलांवर पहारारेषा आखली गेली आणि तिच्यावर सागरसीमा दल उभं राहिलं. रेषा पाण्यावर दिसत नाही. होडीतल्या पडद्यावर ती तांबडी दिसते, आणि तिच्याजवळ गेलं की पहाऱ्याच्या बोटीवरचा भोंगा माणसाच्या आवाजात दरडावू लागतो.

या दलाला पैसा किती द्यायचा, यावरून दिल्लीत दर वर्षी रणकंदन होई. वर्षभरात कुणी पकडलं गेलं नाही, तर विरोधक विचारत, मग एवढ्या बोटी हव्यात कशाला? पुष्कळ लोक पकडले गेले, तर तेच विरोधक विचारत, एवढ्या बोटी असून हे आलेच कसे? दोन्ही प्रश्न रास्त होते आणि दोन्हींना उत्तर नव्हतं. दोनदा तर विधेयक असं अडकलं की दलाचे शिपाई पाच-पाच महिने पगाराविना लाटांवर उभे राहिले. पहाऱ्याचं खरं काम म्हणजे जे घडलं नाही ते, आणि जे घडलं नाही ते मोजणार कसं?

ते मोजायची युक्ती पुण्याच्या एका संस्थेत डॉ. हेमलता रणपिसे यांनी शोधली. लस टोचलेल्या गावात गोवर आला नाही, तर लसीनं किती पोरं वाचवली हे लस न टोचलेल्या शेजारच्या गावाकडे बघून कळतं. पण देश एकच असतो. बिनपहाऱ्याचा दुसरा देश आणायचा कुठून? रणपिसेबाईंनी तो आकड्यांतून उभा केला. त्याला त्यांनी नाव दिलं प्रतिजग. प्रतिजगात तेच वारे, त्याच भरती-ओहोट्या, त्याच होड्या आणि तीच माणसं. प्रत्येक माणूस त्याच्या हजार नोंदींवरून घडवलेला, त्याच्यासारखाच चालणारा, त्याच्यासारखाच अडखळणारा. मग त्यातून एकच गोष्ट काढून घ्यायची, पहारा, आणि सरलेलं वर्ष पुन्हा चालवायचं. एकदा नव्हे, हजारदा, कारण माणूस प्रत्येक वेळी तसाच वागेल याचा भरवसा नसतो. तिथं जे घडलं आणि इथं घडलं नाही, ती टळणी.

नव्या विधेयकाच्या नवव्या कलमानं दलाचा निधी या टळणीला बांधून टाकला. टळणी मोठी, तर निधी मोठा. आकडा यंत्राचा, तेव्हा भांडायला जागाच उरली नाही. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. फक्त, घटना टळली म्हटलं की ती करणारं कुणीतरी असायलाच हवं. त्या माणसांची नावं विधेयकाच्या परिशिष्टात गेली. परिशिष्टातलं एक पान खारतळीच्या भिंतीवर आलं.

मंगळवारी वैजयंता जिल्ह्याच्या कचेरीत होती. चिंचणकर नावाचे अधिकारी हरकती बघत.

"नमुना तीन भरा," ते म्हणाले.

"भरला. पण ह्यात लिहिलंय, 'घटना घडली नसती याचा पुरावा जोडावा.' साहेब, जी गोष्ट झालीच नाही ती झाली नसती, ह्याचा पुरावा मी आणू कुठून?"

"तो मी कसा सांगणार? हरकत तुमची आहे."

"अठरा वर्षांत मी एकदासुद्धा रेषा ओलांडली नाही. होडीच्या पडद्यात रोजची नोंद आहे. बघा तुम्ही."

"बघायची गरजच नाही, मावशी. म्हणून तर 'टळली' असं लिहिलंय. ओलांडली असतीत तर तुमचं नाव दुसऱ्या यादीत असतं."

"त्या यादीतल्यांना काय शिक्षा?"

"सहा महिने परवाना बंद."

"आणि मला पाच वर्षं?"

चिंचणकरांनी चष्मा काढून पुसला. "असं बघा, त्यांनी एकदाच ओलांडली. तुम्ही नऊशे एक्केचाळीस वेळा."

वैजयंतानं टेबलाच्या कडेला धरलं. समोरचा माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला पाणी दिलं, पंखा तिच्याकडे वळवला. पण भिंतीवर डोकं आपटावं तर निदान भिंत तरी हवी. इथं धुक्यावर आपटत होतं. शेजारच्या खिडकीत सांगितलं, यादी दलाची आहे, दलाकडे जा. दलाच्या कचेरीत सांगितलं, आकडा यंत्राचा आहे, आम्ही नाव काढलं तर आमचीच टळणी घटते, निधी घटतो, मग आम्हाला वर उत्तर द्यावं लागतं. खासदारांच्या सहायकानं फोनवर सांगितलं, विधेयक मांडून झालंय, आता काना-मात्रासुद्धा हलत नाही. शेवटी चिंचणकरच तिच्यामागं जिन्यापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, "इथं पाय झिजवू नका. संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला जा. यंत्र ज्यांचं आहे त्यांनाच विचारा."

पुण्याची संस्था टेकडीच्या उतारावर होती. बुधवारी सकाळी रखवालदारानं तिला तासभर बाकड्यावर बसवलं. मग पांढऱ्या केसांची, पायात साध्या चपला घातलेली एक बाई स्वतःच बाहेर आली.

"कोयंडेबाई ना? मी रणपिसे. तुम्हाला मी ओळखते. गेले चार महिने रोज बघतेय."

वैजयंताला अंगावरचा पदर आणखी ओढून घ्यावासा वाटला. "मी तर तुम्हाला आजच बघतेय."

"तेही खरंच. या, चहा घेऊ."

चहा आला, निवला. वैजयंतानं सरळच विचारलं, "माझी नक्कल केलीत ती कशावरून?"

"होडीच्या नोंदी, फोन, बाजारहाट. पण त्यावरून माणूस कुठं गेला एवढंच कळतं. तो का गेला असता, हे नाही कळत. ते तुमच्या गावानं आम्हाला आपणहून दिलं." रणपिसेबाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. पडद्यावर एका जुन्या वहीचं पान होतं, कडा खाल्लेलं, कोपऱ्यात कुंकवाचं बोट उमटलेलं.

जाळ्यांची वही. वैजयंतानं ती लगेच ओळखली.

खारतळीत एक रीत होती. दर्यात हाक ऐकू आली, तर टाकलेलं जाळं ओढत बसायचं नाही. दोर कापायचा, जाळं समुद्राला सोडायचं आणि हाकेच्या दिशेनं निघायचं. जाळं म्हणजे घराचं अन्न. ते कापणारा माणूस उपाशी राहू नये, म्हणून तो परतल्यावर गावातलं प्रत्येक घर हातभर जाळं विणून देई आणि ते तुकडे जोडून त्याचं नवं जाळं होई. प्रत्येक घराच्या दोऱ्याचा रंग निराळा. त्यामुळं खारतळीचं जाळं उन्हात पसरलं की गोधडीसारखं दिसे. विणताना बायका गात:

दर्याच्या ग लाटेवरी, हाक कुणाची कळंना
जाळं कापी माझा राजा, नाव गाव इचारीना

कुणी कधी जाळं कापलं ते देवळातल्या वहीत लिहिलं जाई. एकशे बारा वर्षांत तीनशे सात वेळा. गेल्या पावसाळ्याआधी सर्वेक्षणाची माणसं आली आणि 'गावाबद्दल काही विशेष सांगा' म्हणाली, तेव्हा बाबलतात्यानं ती वही लाल फडक्यातून सोडून त्यांच्या मांडीवर ठेवली होती. वर चहा दिला, खाजं दिलं, आणि निघताना वहीची नीट छायाचित्रं आली की नाही, तेही विचारून घेतलं होतं.

"म्हणजे आमची रीत हाच आमचा गुन्हा," वैजयंता म्हणाली.

"यंत्राला गुन्हा कळत नाही हो. त्याला एवढंच दिसलं, की तुमच्या तांडेलाच्या कानावर हाक आली तर तो जातो. मध्ये पहारा असेल तर कदाचित थांबतो. पहारा काढून घेतला, तर थांबवणारं काहीच उरत नाही."

"पण हाक कसली? कुठं जाते मी?"

रणपिसेबाईंनी पडद्यावरचं वहीचं पान बाजूला सारलं. "गेल्या वर्षीची सतरा जानेवारी," त्या म्हणाल्या.

वैजयंतानं कप खाली ठेवला. ही तारीख तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या दुपारी तिची होडी रेषेच्या अगदी काठाशी होती. पलीकडे मैलभरावर एका तरंगवाडीतून सुटलेला तराफा पेटला होता. वारा तिकडूनच होता. आधी पत्रे बडवल्याचा आवाज आला, मग माणसांचा. भाषा कळत नव्हती, पण त्या हाकेत कळण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. तिनं सुरी काढली होती, दोरावर ठेवली होती. मध्ये पहाऱ्याची बोट आडवी उभी होती आणि भोंगा पुन्हा पुन्हा सांगत होता, रेषेच्या आत राहा, रेषेच्या आत राहा. त्या बोटीलाही पलीकडे जायचा हुकूम नव्हता. वैजयंतानं दोर कापला नाही. हळूहळू आवाज विरला. मग त्यांनी जाळं ओढलं, भरलेलं होतं. अकरा माणसं होती असं चार दिवसांनी कळलं. होडीवरच्या पाच खलाशांपैकी एकानंही त्यावर कधी तोंड उघडलं नाही, आणि वहीत ती तारीख कधी चढली नाही.

"पहाऱ्याची बोट होती," ती म्हणाली.

"हो."

"तुमच्या त्या जगात ती नसते."

"नसते."

"मग मी जाते."

"नऊशे एक्केचाळीस वेळा."

"आणि जाऊन काय करते?"

रणपिसेबाईंनी मान खाली घातली. "ते कायद्यानं विचारलेलं नाही. तुम्ही रेषा ओलांडलीत की आमची मोजणी तिथंच थांबते."

"पण तुमच्या यंत्राला पुढचं माहीत असणार."

"चालवलं तर कळेल."

"मग चालवा."

दहाएक मिनिटं लागली. खोलीत फक्त पंख्याची घरघर. मग रणपिसेबाई वाचू लागल्या, आणि वाचताना त्यांचा आवाज शास्त्रज्ञाचा राहिला नाही. "जाळं कापता. अकरा मिनिटांत पोचता. बहुतेक वेळा नऊ जणांना वर घेता, कधी दहा. दोनशे तेरा वेळा अकराही. अठ्ठावीस वेळा तुमच्या होडीला आग लागते आणि तुम्ही परत येत नाही." त्या थांबल्या. "मी हे आज पहिल्यांदाच बघितलं."

वैजयंताच्या डोळ्यांपुढं ती दुसरी वैजयंता उभी राहिली. तेच हात, त्याच बोटांवरचे दोराचे वळ, तीच अर्धी पिकलेली वेणी. धुरात शिरणारी. कुणाच्या तरी दंडाला धरून वर खेचणारी. तिला त्या बाईचा हेवा वाटला, आणि हेव्याच्या तळाशी राग. "ती माझ्याहून बरी बाई आहे," ती म्हणाली.

"ती तुम्हीच आहात."

"नाय." तिच्या तोंडून घरची बोली निघून गेली. "मी थांबलंय. ती थांबाक नाय."

रणपिसेबाई खिडकीकडे बघत म्हणाल्या, "वादळात कुठं किती माणसं वाचवता येतील, ते आधी कळावं म्हणून मी हे बनवलं होतं. नववं कलम लिहिताना मला कुणी विचारलं नाही. पण खरं सांगू? विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं. ते दर वर्षीचं भांडण एकदाचं संपायला हवं असं मलाही वाटत होतं."

"ते तुमचं झालं. माझ्या गावाचं काय?"

"एक वाट आहे. स्वभावपत्र." त्यांनी खणातून एक कागद काढला. "माणसानं स्वतःच्या स्वभावाबद्दल शपथेवर लिहून द्यायचं. तुम्ही लिहायचं, की पहारा नसता तरीही मी गेले नसते. शपथेवर लिहिलेल्याला यंत्र फार वजन देतं, कारण माणसं जे लिहून देतात त्यासारखी पुढं वागू लागतात, असा आमचा अनुभव आहे. कागद आत गेला की प्रतिजगातली तुम्ही नव्यानं घडवली जाता. तुमचा आकडा पडतो. नाव यादीतून निघतं."

"म्हणजे ती जायची थांबेल."

"हो."

"खोटं लिहून द्यायचं."

"खोटं आहे का, ते तुम्हालाच माहीत." रणपिसेबाई चाचरल्या. "रागावू नका. तुम्ही का थांबलात, हे यंत्राला दिसत नाही. पहारा होता आणि तुम्ही थांबलात, म्हणून ते धरून चालतं की पहाऱ्यामुळं थांबलात. माणसाच्या मनात तेव्हा आणखी काय असतं, ते आम्ही मोजू शकत नाही."

वैजयंतानं सेहेचाळीस कागद मागून घेतले आणि दुपारची गाडी पकडली. रणपिसेबाईंनी सांगितलं होतं, सह्या करून सोसायटीच्या यंत्रावरून रातोरात पाठवल्या तरी चालेल. मतदानाआधी पोचल्या म्हणजे झालं. वाटेत तिनं फोन करून सगळ्यांना बोलावून ठेवलं. ती पोचली तेव्हा सोसायटीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती.

"ह्यां लिवन दिऊचा?" बाबलतात्यानं कागद डोळ्यांजवळ धरला. "हाक इली तरी मी जावक नसतंय म्हणान? माझ्या बापाशीन चार येळा जाळा कापल्यान, वैजू. चार येळा. आणि मी ह्यां लिवतलंय?"

"नाय लिवलंस तर पाच वर्सां दर्यो बंद. मगे चुलीवर काय शिजवतलंस? वही?"

कुणीतरी हसलं. म्हाताऱ्याचं तोंड एवढंसं झालं. वही कुणी दिली, हे आता सगळ्यांना माहीत होतं, पण कुणी ते बोललं नव्हतं. तिनं बोलून टाकलं होतं.

"तात्या, कागदच तो," मागून दाजी टिकम नावाचा तरणा तांडेल म्हणाला. "लिवलां म्हणान माणूस बदालता काय? सई करूया, कागद सरकारच्या नाकावर मारूया. उद्या हाक इली तर आपण बगतलंव काय करूचा ता."

"असाच," चारसहा आवाज आले. "कागदाक काय कळता!"

वैजयंतानं उरलेले कागद वाटायला घेतले. कागदाला कळतं, हे त्या खोलीत फक्त तिलाच ठाऊक होतं. कुठंतरी आणखी हजार खारतळी होत्या, आणि तिथं हा कागद आकाशवाणीसारखा उतरणार होता. तिथल्या सेहेचाळीस तांडेलांच्या हातांतली सुरी दोरावर यायच्या आधीच गळणार होती. हे सांगितलं असतं तर निम्म्या लोकांनी सही केली नसती. म्हणून तिनं सांगितलं नाही.

तिचं नाव पहिलं, म्हणून सहीही पहिली. मजकूर छापलेला होता. मोकळी जागा एकच होती, 'कारण' या शब्दापुढं. इतरांनी मग तिथं कायकाय लिहिलं: जाळं महाग, बायको आजारी, कायद्याचा आदर. वैजयंतानं पेन टेकवलं आणि फारसा विचार न करता लिहिलं, 'भीती वाटते.' लिहून झाल्यावर ती त्या दोन शब्दांकडे बघत राहिली. खोटं लिहायला बसली होती, पण हात कुठं अडला नव्हता.

बाबलतात्यानं सगळ्यांत शेवटी सही केली. 'कारण'पुढं त्यानं काहीच लिहिलं नाही. यंत्रानं कागद परत केला, तेव्हा दाजीनं त्याच्या वतीनं 'वय' असं लिहिलं.

गुरुवारी दुपारी सोसायटीच्या पडद्यावर सगळ्यांनी मतदान पाहिलं. गेल्या तीस वर्षांत ज्या विधेयकावरून सभागृहात खुर्च्या उडाल्या होत्या, ते चाळीस मिनिटांत आवाजी मतानं मंजूर झालं. दोन्ही बाजूंच्या लोकांनी बाकं वाजवली. मंत्री म्हणाले, आता राष्ट्राच्या सुरक्षेला मोजमाप मिळालं आहे. परिशिष्ट कुणी वाचून दाखवलं नाही. त्यात खारतळीचं एकही नाव उरलं नव्हतं. धक्क्यावर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, पोरांना पेढे वाटले.

वैजयंतानं घराच्या मागल्या पडवीत जाऊन रणपिसेबाईंना फोन लावला. "आता?"

"शून्य," पलीकडून आवाज आला.

"हजारांत एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"आणि ती अकरा माणसं?"

"बाई, कायद्याच्या दृष्टीनं ती..."

"मी तुम्हाला विचारतेय. कायद्याला नाही."

"कुणीच वाचत नाही," रणपिसेबाई म्हणाल्या. "आजूबाजूच्या होड्यांपैकीही कुणी निघत नाही. हजारही वेळा."

एप्रिलात पहाऱ्याची बोट गेली. हेही कायद्यानंच झालं. खारतळीसमोरच्या पट्ट्यातली टळणी शून्यावर आली होती. जिथं काही टळतच नाही, तिथं पहारा ठेवून काय साधायचं? नववं कलम तेच सांगत होतं. बोट, भोंगा आणि बारा शिपाई उत्तरेकडच्या कुठल्याशा खाडीवर हलवले गेले, जिथल्या लोकांचे आकडे मोठे होते.

"गेली मेली एकदाची!" बाबलतात्या म्हणाला, आणि गावानं बोट दिसेनाशी होईपर्यंत टाळ्या पिटल्या. रेषा पडद्यावर अजून होती, पण आता ती नुसती तांबडी रेघ होती. तिच्या काठाला बांगड्याची रास लागत होती. आठवडाभर होड्या भरून आल्या. वैजयंताचे खलाशी पुन्हा गाणी म्हणू लागले, आणि तिलाही वाटू लागलं की झालं ते एक वाईट वर्ष होतं, सरलं.

मग एका दुपारी, वारा पडला होता आणि पाणी तेलासारखं संथ होतं, तेव्हा पलीकडून आवाज आला. आधी पत्र्यांचा. मग माणसांचा.

जाळं पाण्यात होतं. पाचही खलाशी उठून उभे राहिले. धूर नव्हता, आग नव्हती. दीडेक मैलावर एक काळी वस्तू एका अंगावर कलली होती आणि तिच्यावर ठिपके हलत होते. पाचही जणांनी माना वळवून तिच्याकडे पाहिलं, तांडेलाकडे बघतात तसं.

वैजयंतानं उत्तरेला पाहिलं. मग दक्षिणेला पाहिलं. ती काय शोधतेय हे तिचं तिलाच आधी उमगलं नाही, मग उमगलं. ती पहाऱ्याची बोट शोधत होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिला ती बोट तिथं हवी होती, आडवी उभी, भोंग्यातून दरडावणारी.

"तांडेल?" खलाशांतला दाजी टिकमचा भाऊ हळूच म्हणाला.

पाणी चहूबाजूंनी मोकळं होतं. अडवायला कुणीच नव्हतं, आणि वैजयंताचा हात सुकाणूवर होता तिथंच होता.